मिगच्या पोटातला डबा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही. माझ्या शिलाई मशीनसमोर बसून अर्ध्या गावच्या बायका आपली गुपितं मोकळी करतात, त्यांच्यातल्या एकीलाही — तिचं सगळं ऐकून घेतल्यावरसुद्धा — माझं सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरंच आहे.

गोष्ट विमानाची आहे. हसू नका. म्हणजे — हसा, बरीचशी हसण्यासारखीच आहे. सिंदी रेल्वेत ब्लाउज शिवणारी बाई लढाऊ विमानाबद्दल काय कबूल करणार? मलाही कित्येक दिवस असंच वाटत होतं, की यात कबूल करण्यासारखं आहेच काय? एक खेळ. लॅपटॉपवरचा खेळ.

पण आधी तुम्हाला मामाजी माहीत व्हायला हवेत.

मामाजी म्हणजे माझे सासरे. हवाई दलात वीस वर्षं फिटर होते, तेही मिग-एकवीसवर. इंजिनाचे नाही, अंगाचे — पंख, शेपटी, पत्रा, तो जोडणारी रिबिटं. गावातले लोक त्यांना पायलटच समजतात. कुणी तसं म्हटलं की ते दुरुस्ती करतात, "पायलट नाई. पायलट ज्याच्या भरवशावर वर जाते, तो मी." घरातही त्यांचं तेच. दाराची बिजागरी कुरकुरली तर त्यांना जेवण जात नाही. लग्नानंतर आठव्या दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं की तुझ्या पोळीचा घेर एकसारखा नसतो, डाव्या बाजूला बोटभर जास्त भरतो. मी रडले होते. मग पोळी बघितली. खरंच भरत होता.

एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्या कुठल्याही कामाला चांगलं म्हटलेलं नव्हतं. त्यांचा सगळ्यात मोठा शेरा म्हणजे "चालते". सासूबाई होत्या तेव्हा त्या म्हणायच्या, त्यांचं चालते म्हणजे दुसऱ्याचं हार घालणं समज. मी समजत होते. पण मनातून — माणसाला एकदा तरी ऐकावंसं वाटतंच ना?

तर झालं असं, की सहा-सात वर्षांपूर्वी टीव्हीवर बातमी आली, मिग विमानं जुनी झाली, आता एकेक करून बाद होणार. मामाजी बातमी संपेपर्यंत बसले, टीव्ही बंद केला, आणि दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझी पोळी वाकडी असूनही त्यांनी काही म्हटलं नाही, तेव्हा मला काळजी वाटायला लागली.

माझी मुलगी तेव्हा पुण्याला शिकायला गेलेली, तिचा जुना लॅपटॉप घरी पडून होता. त्यात एक खेळ होता. सुट्या भागांमधून आपण आपलं विमान बांधायचं — नळकांडी, पंख, चाकं, इंजिन — आणि मग ते उडवायचं. वजन, तोल, वारा, सगळं खऱ्यासारखं. लग्नसराई संपली की दुपारी मला काम नसायचं, तेव्हा मी तो खेळ चोरून खेळायचे. चोरून अशासाठी, की चाळिशी उलटलेल्या बाईनं खेळ खेळायचा म्हणजे कसंतरीच वाटतं. माझं पहिलं विमान दिसायला इस्त्रीसारखं झालं होतं आणि उडायलाही.

मी मनाशी म्हटलं, मामाजींना मिग बांधून दाखवावं. फोटो बघून आठ दिवसांत बांधलं. दुपारी त्यांच्यासमोर लॅपटॉप ठेवला.

"हे काय हाय?"

"मिग आहे, मामाजी."

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "हे मिग असंल तं मी हवाई सुंदरी हावो."

आणि खुर्ची पुढे ओढली.

तिथून पुढचे सहा महिने — सांगू का तुम्हाला? माझ्या लग्नानंतरच्या आयुष्यातले ते सगळ्यात मजेचे दिवस होते. रोज जेवण झालं की मी, मामाजी आणि कूलर. बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही, आणि आत आम्ही दोघं विमानाची कारागिरी करत बसलेलो. मिगचं रूप मला फार लवकर कळलं. सरळ नळीसारखं अंग, पुढे उघडं तोंड आणि त्यात सुळका, दोन्ही बाजूंना त्रिकोणी पंख. बाही कशी खांद्याकडून मनगटाकडे निमुळती होत जाते, तशी ती नळी मागे होत जाते. मामाजींकडे मापांचा कागद नव्हता, पण त्यांच्या हातांना सगळं आठवत होतं. ते खोलीच्या मधोमध उभे राहायचे, डोळे मिटायचे, एक कोपर हवेत टेकवायचे आणि म्हणायचे, "इथं कोपर टेकलं की माह्या मधल्या बोटाले झाकण लागे." मी माझ्या टेपनं कोपरापासून बोटापर्यंत मोजायचे. एकदा मी अशीच मोजत असताना शेजारची माया ब्लाउज न्यायला आली. सासरे हात वर करून डोळे मिटून उभे, आणि सून बगलेत टेप धरून.

"काय शिवून राह्यली व मामाजीले?"

"विमान," मामाजी डोळे न उघडता म्हणाले.

आठवड्याच्या आत ते सगळ्या सिंदीला माहीत झालं.

विमान दिसायला मिग झालं, पण उडेना. कधी शेपूट घासायचं, कधी नाक खुपसायचं. मामाजींचा एकच हट्ट — खेळाच्या सोयी वापरायच्या नाहीत. त्या खेळात सोयी पुष्कळ असतात. एक लहानसा डबा असतो, तो विमानात कुठेही ठेवला की विमान आपोआप तोल सांभाळतं. विमान नाही, उकडलेला बटाटा बांधा, तोही सरळ उडेल. मामाजींनी तो डबा यादीत बघितला आणि असे बघत राहिले जसं मी त्यांना जुगार खेळायला बोलावलंय. "खरं विमान उडत होतं का नाई? मंग हे बी उडन. आपलंच काही चुकून राह्यलं असंल." आम्ही चूक शोधायचो. वजन दोन बोटं पुढे, पंख अर्धा बोट मागे. आणि एका दुपारी ते खरोखर उडालं. जरासं डगमगत, पण आपल्या पंखांवर. मामाजी म्हणाले, "चालते."

इथपर्यंत सगळं स्वच्छ आहे. इथे थांबले असते तर आज तुमच्यासमोर बसले नसते.

आता मला भोयरकाकांबद्दल सांगायला हवं. भोयरकाका म्हणजे मामाजींचे हवाई दलातले सोबती. एकाच वर्षी भरती झालेले, दोघंही याच जिल्ह्यातले, एका ताटात जेवणारे. मामाजी दुरुस्ती करायचे आणि भोयरकाका ती तपासून सही करायचे. एकदा एक मिग उडताना डाव्या अंगाला कलतंय अशी तक्रार आली. अशा वेळी पंखाच्या मागच्या कडेला एक बारीक पत्र्याची पट्टी असते, ती किंचित खाली वाकवतात, म्हणजे तो पंख उचलला जातो. मामाजींनी ती वाकवली. दोन सूत — तेवढी लागतेच, असं त्यांचं म्हणणं. सूत म्हणजे कारखान्यातलं माप, इंचाचा आठवा भाग. भोयरकाका सुटीवर होते, दुसऱ्याच कुणीतरी सही केली, विमान वर गेलं आणि या खेपेला उजव्या अंगाला इतकं झुकलं, की पायलट कसाबसा परत आला. भोयरकाका सुटीवरून आले, त्यांनी पट्टी मोजली आणि साहेबापुढे सांगितलं: दोन सूत म्हणजे फार झालं, अर्धा सूत पुरे होता, चूक थूलची, म्हणजे मामाजींची, आहे.

मामाजींची बढती अडली. ती एक गोष्ट. पण सोबत्यानं साहेबापुढे आपलं नाव घेतलं — ती दुसरी. दोघं निवृत्त झाले. मामाजी सिंदीला आले, भोयरकाका सेवाग्रामला. मध्ये पॅसेंजरनं जेमतेम तासाभराचं अंतर, आणि तीस वर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नाही. लग्नाच्या पत्रिकासुद्धा पोस्टानं यायच्या, पोस्टानं जायच्या, आणि कुणीच जायचं नाही.

विमान उडाल्याच्या दुसऱ्या दिवशी मामाजी म्हणाले, "डाव्या पंखात थोडं वजन टाक. कललं पाह्यजे. अन् मंग मागं पट्टी लाव. दोन सूत."

मी विचारलं नाही कशाला. मला माहीत होतं. म्हणजे — मला वाटत होतं की मला माहीत आहे.

माझी एक सवय आहे. गिऱ्हाइकाला ब्लाउज दाखवण्याआधी मी तो स्वतः उलटून-पालटून बघते. त्या दिवशी मामाजी जेवून आडवे झाले होते. मी पट्टी लावली, दोन सूत, अगदी मोजून, आणि त्यांच्या आधी एकदा उडवून बघितलं. विमान धावपट्टीवरून उठलं, आणि तव्यावरची पोळी उलटावी तसं उजवीकडे उलटलं. पुन्हा उडवलं. पुन्हा उलटलं. पट्टी अर्धा सूत केली. सुतासारखं सरळ गेलं.

कूलर चालू होता आणि मला घाम फुटला.

काय करायला हवं होतं? हे तुम्ही मला सांगू नका, मला येतं सांगता. त्यांना उठवायचं, आणि जे घडतंय ते दाखवायचं. एवढंच. पण मी काय केलं? मी पट्टी पुन्हा दोन सूत केली. मग तो डबा घेतला, आपोआप तोल सांभाळणारा, त्याला असा रंग दिला की तो दिसणारच नाही, आणि विमानाच्या पोटात, तेलाच्या टाकीच्या आत नेऊन ठेवला. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांचा एक खांदा उतरता असतो. मी आतून गादी लावते, कुणाला कळत नाही, बाई आरशात बघून खूश होते. त्याला कुणी खोटं म्हणतं का? मी स्वतःला हेच सांगत होते. पण डबा ठेवून झाल्यावर मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. गादी लावताना मी पडदा कधी ओढत नाही.

मामाजी उठले, तोंड धुतलं, बसले. मी विमान उडवलं. ते रेषेत गेलं. उजवीकडे नाही, डावीकडे नाही. मामाजींनी स्वतः कळ दाबून पुन्हा उडवलं. पुन्हा रेषेत. मग माझ्याकडे वळले.

"जमलं बाई तुले."

एकोणीस वर्षं. तीन शब्द. माझे कान गरम झाले. आणि खरं सांगते — त्या क्षणी मला मामाजींची बढती आठवत नव्हती, भोयरकाका आठवत नव्हते. मला फक्त वाटत होतं, ऐकलं का सगळ्यांनी? घरात तेव्हा तिसरं कुणीच नव्हतं.

मग मामाजी म्हणाले, "भोयरचा नंबर काढ."

भोयरकाका रविवारी आले. पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट, हातात वर्ध्याच्या गोरसपाकाचा, तुपाळ बिस्किटांचा पुडा. तीस वर्षांनी भेटणारे दोन म्हातारे — मला वाटलं होतं गळ्यात पडतील, निदान भांडतील. दोघं समोरासमोर ताठ बसले आणि पाऊसपाण्याचं बोलले. आमचे हे सुटीवर घरी होते, ते मधूनमधून उगाच हसत होते. शेवटी मामाजी म्हणाले, "ते दाखव."

भोयरकाकांनी लगेच उडवू दिलं नाही. ते तपासनीस होते. त्यांनी मला विमान पडद्यावर हळूहळू फिरवायला लावलं आणि नाकापासून शेपटीपर्यंत बोट फिरवत तपासलं. बोटाला गोरसपाकाचं तूप लागलेलं, पडद्यावर त्याचा पट्टा उमटला. "हे झाकण डावीकडं होतं." — "उजवीकडं," मामाजी. — "डावीकडं." मग दोघांनी डोळे मिटले, हवेत हात घातले, आणि दोघांचेही हात एकाच बाजूला गेले. उजवीकडे. भोयरकाका म्हणाले, "बरं." पट्टीपाशी ते थांबले. "किती हाय?" — "दोन सूत," मामाजी म्हणाले. भोयरकाकांनी मान हलवली, नाही या अर्थानं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"सूनबाई, आतमंदी काही टाकलं तं नाई ना?"

बघा. विचारलं त्यांनी. सरळ, तोंडावर, चांगल्या आवाजात. मला कुणी फसवलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. खोलीत तीन माणसं माझ्याकडे बघत होती.

"नाही काका," मी म्हटलं. "मामाजींनी सांगितलं तसंच आहे."

विमान उडालं. सरळ गेलं.

भोयरकाकांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. "थूल," ते म्हणाले, "मी तुयं नुकसान केलं. साहेबापुढं खोटं पाडलं तुले." मामाजींनी या क्षणासाठी तीस वर्षं भाषण तयार करून ठेवलं असेल. "चहा घे," म्हणाले. "थंडा होऊन राह्यला." चहा अजून गॅसवरच होता.

हसू येतं ना? मलाही येत होतं, चहा गाळताना. आणि भोयरकाकांचं तर पुढे आहे. सगळं लेखी पाहिजे हा त्यांचा जन्माचा स्वभाव. त्यांनी रेघांचा कागद मागून घेतला आणि तिथेच कबुलीपत्र लिहिलं: तत्कालीन तपासणीत मी घेतलेला आक्षेप चुकीचा होता, फिटर थूल यांचे काम योग्य होते. तीन प्रती. एक मामाजींना — ती त्यांनी फ्रेम करून पुढच्या खोलीत लावली. एक स्वतःला. तिसरी त्यांनी माझ्या हातात दिली. "विमान तू बनवलं, तं एक तुह्याजवळ पाह्यजे." ती माझ्या मापांच्या वहीत आहे. आजही.

त्यानंतर भोयरकाका दर रविवारी यायचे. आधी "येजो परत" म्हणावं लागायचं, मग नुसतं "रविवारी" म्हटलं तरी पुरायचं. दोघं अंगणात बसून कुठल्या साहेबाच्या मिशा खोट्या होत्या यावर वाद घालायचे. मामाजींची भूक वाढली. पोळीवर बोलणं परत सुरू झालं. मी मनाला सांगत होते, बघ, काय वाईट झालं? दोन माणसं जुळली. कधीकधी तर मला वाटायचं, मी पुण्यच केलं. फक्त मधूनच दोघं मला म्हणायचे, "आता आतली टाकी दाखव बरं खोलून," आणि मी म्हणायचे, लॅपटॉप फार जुना आहे हो, जास्त खोललं की बंद पडतो. मिगपेक्षा माझा लॅपटॉप लवकर म्हातारा होत होता.

हे सगळं मी तुम्हाला इतकं रंगवून का सांगते आहे? कारण पुढचं सांगायचं टाळते आहे. सांगते.

त्या वर्षीच दिवाळीच्या अलीकडे भोयरकाका आठवड्याच्या मधल्याच एका वारी आले, न कळवता. मामाजी दाढी करायला गेले होते. काका ओसरीवरच टेकले. मी पाणी दिलं. तब्येत कशी म्हटलं, तर म्हणाले बरी हाय. मग त्यांच्या बोलण्यातून एकेक कळत गेलं. सेवाग्रामला त्यांच्या गल्लीतले लोक पंखे, मिक्सर, शिवणयंत्रं त्यांच्याकडे दुरुस्तीला आणायचे, हे मला माहीत होतं. माझ्या मशीनचा सुईचा दांडा त्यांनीच एकदा नीट करून दिला होता. ते काम त्यांनी बंद केलं होतं.

"काऊन काका?"

त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. "भरवसा नाई राह्यला. माह्या हिशेबानं तं दोन सूत म्हणजे विमान उलटालेच पाह्यजे होतं. अजूनबी हात तेच सांगते. पन हात चुकीचं सांगून राह्यला, हे म्या डोळ्यानं पाह्यलं ना. आता कोणाचा मिक्सर उघडला की वाटते, कोनाले शॉक लागला तं?" आणि मग, लाजल्यासारखं, "सूनबाई, ते विमान एकडाव मले अजून दाखवशीन काय? थूलले नको सांगू. वाईट वाटन त्याले."

लॅपटॉप आतल्या खोलीत होता. चालू होता. वीस पावलं.

डबा काढायचा, विमान उडवायचं, ते उलटताना या माणसाला दाखवायचं. इतकं सोपं. त्यांचे हात त्यांना परत मिळाले असते. मामाजी येईपर्यंत सगळं उरकलंही असतं.

"काका," मी म्हटलं, "लॅपटॉप बिघडला. विमान गेलं त्यातून. पुसलं गेलं."

ते म्हणाले, "असं." मग पॅसेंजरची वेळ झाली म्हणून उठले. मी फाटकापर्यंत गेले. तेवढं केलं मी.

आणि परत येऊन, आतल्या खोलीत जाऊन, मी ते विमान खरोखर पुसून टाकलं. सहा महिन्यांचं काम. मामाजींच्या कोपरापासून बोटापर्यंतची मापं, रिबिटं, झाकणं, सगळं. खेळानं विचारलं, नक्की पुसायचं का? मी हो म्हटलं. बोललेलं खोटं खरं करायला मला दोन मिनिटं लागली. हे मी सांगत नव्हते. डब्याचं नाही — डब्याचं एखाद्या वेळी हसत हसत सांगितलंही असतं. हे.

भोयरकाका आणखी तीन वर्षं होते. रविवारी यायचे, हसायचे, मिशांवर भांडायचे. मात्र आमच्या घरातला पंखा अडला तर ते बघत राहायचे आणि म्हणायचे, मेकॅनिकले बोलवा. ते गेले तेव्हा मामाजी सेवाग्रामला जाऊन आले आणि अंघोळ करून नुसतेच पाटावर बसून राहिले.

गेल्या वर्षी मिगला शेवटचा निरोप दिला, तो टीव्हीवर दाखवत होते. मामाजींनी सकाळी दाढी केली, शर्ट खोचला आणि खुर्चीत ताठ बसले. आता ते ऐंशीला टेकलेत, ऐकायला कमी येतं. मी शेजारी तूर निवडत बसले होते. विमानं एका ओळीत वर गेली. मामाजी टीव्हीकडे बघतच बोलायला लागले, माझ्याशी की स्वतःशी, कळत नव्हतं.

"भोयर सांगे ते बरोबर असंल, असं मले तेव्हाच वाटलं होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी पट्टी वाकवतानी माह्या हातून जास्तच दाब पडला. मले समजलं होतं. पन बोललो नाई. मंग बोलाची वेळच निघून गेली. तीस वर्षं हेच डोक्यात, का चूक कोणाची."

मी तुरीतला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"म्हणूनच तं तुले दोन सूत लावाले सांगितले. म्हटलं, एकदा पाहून घ्यू. उलटलं तं भोयरच्या घरी जाईन, पाय धरीन त्याचे. पिशवीबी काढून ठेवली होती." ते हसले. "नाई उलटलं. किती बरं वाटलं मले त्या दिवशी, काय सांगू. माणूस खोटं बोलन, विमान नाई बोलत."

मग ते माझ्याकडे वळले, मी काही म्हणते का ते बघायला.

मी म्हटलं, "आवाज वाढवू का टीव्हीचा?"

ते म्हणाले, "वाढव."

मी वाढवला. विमानं उतरली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मामाजींनीही वाजवल्या. मी तूर निवडून पूर्ण केली, डब्यात भरली, आणि कुकर लावला. भोयरकाका मला आठवतात ते ओसरीवर, हात पालथे ठेवून बसलेले. मामाजी या क्षणी पलीकडच्या खोलीत आहेत, जागे आहेत, आणि माझी हाक त्यांना अजून ऐकू जाते. मी मारलेली नाही.